सुंठेचे चार वेढे

मंगळवार, ७ जानेवारी २०२५. सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी सुनेची स्कूटर फाटकाबाहेर पडली आणि नात माझ्या ताब्यात आली.

धुके दाट होते. शास्त्रीनगरातल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी पिठाची गिरणी आहे; तिची पाटीही दिसत नव्हती. हेल्मेट चढवून झाल्यावर सून दोनदा परत वळली. पहिल्यांदा मुलीचे मोजे पाहायला, दुसऱ्यांदा मला बजावायला.

"बाबा, पोटात काही नका देऊ हां. काढा नाही, मध नाही, काहीच नाही. मतलब, डॉक्टरसाहेबांनी सांगितलंय तेवढंच. नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब, बस."

"पोटात औषध जाणार नाही," मी म्हणालो.

"आणि फोन करा."

"कारण असेल तर करीन."

ती क्षणभर माझ्याकडे पाहत राहिली. मग गेली.

सून जयपूरचीच. माहेर विद्याधर नगरात, घर राजस्थानी. तिने मराठी माझ्या पत्नीकडून उचलली, म्हणून तिच्या बोलण्यात अधूनमधून सातारा ऐकू येतो. मुलगी झाल्यावर तिने शिकवण्याची नोकरी सोडली होती. नव्या वर्षात तीच पुन्हा धरली. महाविद्यालय जगतपुऱ्याला, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. माझा मुलगा बँकेत आहे. त्याची बदली बिकानेरला झालेली, तो शनिवारी येतो. राहता राहिलो मी आणि साडेतीन वर्षांची मुलगी.

महाविद्यालयाच्या शेजारी एक पाळणाघर होते. त्याच्या पलीकडे भाड्याने मिळण्याजोगा फ्लॅटही सुनेने पाहून ठेवला होता. आदल्या रात्री जेवणानंतर ती नवऱ्याशी फोनवर बोलत होती. माझे कान अजून चांगले आहेत.

"उद्या बाबांना जमलं तर ठीक," ती म्हणाली. "पडसं झालेलं मूल त्यांच्याकडून सांभाळलं जातंय का, एवढंच बघायचंय मला. नाही जमलं, तर संक्रांतीनंतर आम्ही दोघी जगतपुऱ्याला."

मी ऐकले, हे तिला सांगितले नाही. तिचे म्हणणे वाजवी होते. मुलगी गेली तर घरात काय उरेल, याचा हिशेब मी मांडला नाही. मांडून उपयोग नसतो.

मुलीला रविवारपासून पडसे होते. त्या सकाळी मी आधी तिचा ताप पाहिला, नव्हता. सदरा वर करून श्वास पाहिला. बरगड्या आत ओढल्या जात नव्हत्या. कानाला हात लावला तर ती ओरडली नाही. म्हणजे साधे पडसे. नाक मात्र पुरते बंद होते, आणि नाकाखालची कातडी पुसून पुसून लाल झाली होती.

मी सारी नोकरी हवामान खात्यात केली. जयपूरची थंडी कोरडी असते, हे मला कोणी सांगावे लागत नाही. आमच्याकडे मुलाला पडसे झाले की ओव्याची धुरी देतात. निखाऱ्यावर ओवा आणि लसणाची साले टाकायची आणि मूल धुरावर धरायचे. कौलारू घरात धूर वर निघून जातो आणि हवेत ओल असते, तिथे ते चालते. येथे बदलून आल्यावर पहिल्या हिवाळ्यात माझ्या पत्नीने मुलाला तशी धुरी दिली. तो खोकून खोकून निळा झाला. त्यानंतर तिने शेगडी माळ्यावर टाकली आणि खोलीत ओला टॉवेल वाळत घालायला सुरुवात केली. "इथं मुलाला सुकवायचं नाही, भिजवायचं," असे ती म्हणे. तिने हवामानाचे एकही पुस्तक वाचले नव्हते, पण निदान बरोबर होते. मी त्या सकाळी खुर्चीच्या पाठीवर ओला टॉवेल टाकला, खोलीच्या कोपऱ्यात उंचावर पाण्याचे पातेले ठेवले आणि हीटर मंद केला.

मग थेंब.

"डोकं मागे," मी म्हणालो.

"नहीं."

"मागे म्हणतो ना."

"आजोबा गंदे."

"असेन. डोकं मागे."

तिने तोंड माझ्या बाहीत खुपसले. एक थेंब नाकात गेला, चार कानशिलावर. ती रडली, आणि रडल्याने नाक थोडे मोकळे झाले. हे औषधाच्या बाटलीवर लिहिलेले नसते.

दहाच्या सुमारास मी दूध दिले. तेथे अडचण आली. नाक बंद असलेल्या मुलाला दूध पिताना श्वास घेता येत नाही. ती एक घोट घेई, पेला बाजूला सारून तोंडाने श्वास घेई, पुन्हा एक घोट घेई. चौथ्या घोटाला तिने पेला माझ्या हातात दिला आणि अगदी शांतपणे म्हणाली, "आजोबा, नाक ठीक कर दो ना."

मागणी सरळ होती. तिला वाटत होते की मला ते येते.

स्वयंपाकघरात वरच्या फळीवर पत्नीचा औषधांचा डबा आहे. तिला जाऊन पाच वर्षे झाली. नात तिने पाहिली नाही. डब्यात हळकुंड, जायफळ, वेखंड, सुंठ, मुरडशेंग, ओव्याची पुडी, आणि तळाशी हाताच्या पंजाएवढी काळ्या दगडाची सहाण. देवाच्या चंदनाची सहाण निराळी, औषधाची निराळी. तिने दोन्ही एकमेकींना कधी लागू दिल्या नाहीत.

आमच्याकडे लहान मुलाचे औषध चमच्याने किंवा वजनाने मोजत नाहीत. वेढ्यांनी मोजतात. सहाणेवर पाण्याचे चार थेंब घ्यायचे, सुंठेचे कुडे उभे धरायचे आणि दगडावर गोल फिरवायचे. एक फेरा म्हणजे एक वेढा. तान्ह्याला जायफळाचा एक, वेखंडाचा अर्धा. चालत्या मुलाच्या कपाळाला सुंठेचे चार. आईकडून सुनेकडे जातात ते हे आकडे. माझी आई तसेच सांगत असे, पत्नीही तसेच करी. मुलगा लहान असताना हे मी शेकडो वेळा पाहिले आहे. ती उगाळी, बोटाने कपाळाला आणि नाकाच्या दांड्याला पट्टी ओढी, आणि थोड्या वेळाने मुलगा तोंड मिटून झोपे. माझे काम मुलाला धरून ठेवण्याचे. एकदा मी म्हणालो होतो, आण, मी उगाळतो. "राहू द्या. तुम्ही आपलं मूल धरा," एवढेच ती म्हणाली. मी कारण विचारले नाही.

सुनेचे शब्द माझ्या ध्यानात होते. पोटात काही नाही. कपाळ म्हणजे पोट नव्हे. आज लिहिताना हा युक्तिवाद मला कचेरीतल्या माणसाचा वाटतो, पण त्या वेळी तो मला बिनतोड वाटला.

मी सहाण धुतली, पाणी घेतले आणि चार वेढे दिले. मुलगी ओट्याशी उभी राहून पाहत होती.

"ये क्या है?"

"सुंठ."

"खाना है?"

"लावायचं आहे."

"आजी की है?"

"आजीची."

ती लगेच तयार झाली. ज्या आजीला तिने पाहिलेले नाही, तिच्या नावावर ती वाटेल ते करू देते. मी तिला मांडीवर घेतले. कपाळावर एक जाड पट्टी, नाकाच्या दांड्यावर एक. ती डोळे मिटून बसली. थोडा वेळ काही झाले नाही. मग तिचा खालचा ओठ हलू लागला.

"आजोबा, जलता है."

सुंठ थोडी चुरचुरतेच. मी म्हणालो, "थोडं सोस."

"जलता है! आजोबा, जलता है!"

पट्टीच्या कडेची कातडी लाल झाली होती. मी तिला उचलले आणि मोरीवर नेऊन ओंजळीने पाणी लावले. लेप निघाला, लाली राहिली. कपाळाच्या मध्यावर दोन बोटे रुंद, स्वच्छ कडांचा पट्टा. ती मोठ्याने रडत होती आणि रडता रडता मला हुकूम देत होती. "फू करो! आजोबा, फू करो!"

मी फुंकर घातली. माझ्या मुलाला मी कधी फुंकर घातली होती की नाही, मला आठवत नाही. ते खाते माझ्याकडे नव्हते. ती थांब म्हणेपर्यंत मी मोरीशी उभा राहून फुंकर घालत राहिलो. मला धाप लागली. ती थांब म्हणाली नाही. तिचे रडणे मात्र हळूहळू उतरले.

नंतर मी ओट्याशी गेलो आणि सहाणेकडे पाहिले. दगडावर अजूनही बोटभर गंध उरले होते, चंदनासारखे घट्ट. पत्नीचे चार वेढे म्हणजे दगडावर जेमतेम दिसेल असा पिवळट ओलावा असे. कारण तेव्हा समजले. ती सुंठ दगडावर टेकवून नुसती फिरवी. मी दाबून घासली होती. उपकरण बदलले की जुनी मापे तशीच धरता येत नाहीत, आधी दोन्ही शेजारी ठेवून तपासावे लागते, हे मी खात्यात नव्या लोकांना वर्षानुवर्षे शिकवले. हात हेही उपकरण आहे, हे माझ्या ध्यानात आले नाही. तिच्या आकड्यात तिच्या हाताचा हलकेपणा धरलेला होता. आकडा तेवढा माझ्याकडे आला होता.

मुलीच्या कपाळावर फोड नव्हता. ती आता चमच्याने पातेले वाजवीत होती. संध्याकाळपर्यंत लाली उतरली असती, बहुधा. हा हिशेब मी त्याच वेळी मनात केला, आणि केल्याचे मला आवडले नाही.

साडेबाराला फाटक वाजले. विहीणबाई आल्या होत्या. विद्याधर नगर आमच्यापासून जवळ. ई-रिक्षातून उतरताना त्यांच्या हातात कापडात गुंडाळलेली बरणी होती. त्या हिंदीत बोलतात, मी मराठीत. इतक्या वर्षांत दोघांचे काही अडलेले नाही.

"कहाँ है मेरी चिरैया?" असे म्हणत त्या आत आल्या, मुलीला उचलले, आणि थांबल्या. "भाईसाहब, माथे पे ये क्या कर दिया?"

"सुंठेचा लेप."

"लेप? बच्ची है, दीवार थोड़े ही है जो पुताई कर दी!"

त्यांनी मुलीला उजेडात नेले, कपाळावरून अंगठा हलकेच फिरवला, फ्रिज उघडला आणि सकाळच्या दुधावरची साय बोटाने काढून पट्ट्यावर लावली. मुलीने ती जिभेने गाठायचा प्रयत्न केला. गाठता आली नाही.

"कितनी घिसी थी?"

"चार वेढे."

"वेढे मतलब?"

मी हवेत हात फिरवून दाखवला. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिले, मग तोंडावर पदर घेऊन हसू लागल्या. "ऐसे? इतने ज़ोर से? भाईसाहब, बहनजी तो ऐसे हाथ फेरती थीं जैसे सोते बच्चे पर. आप तो आटा पीस रहे थे!"

माझ्या पत्नीचा हात त्यांनी पाहिला होता, हे मी विसरलो होतो. मुलाच्या लग्नाच्या वर्षी त्यांच्या घरात सर्वांना खोकला झाला होता, तेव्हा ती डबा घेऊन तिकडे गेली होती.

"ज़िंदगी भर मौसम बताया आपने," त्या म्हणाल्या. "आज का मौसम कैसा रहा?"

"खराब," मी म्हणालो.

यावर त्या पुन्हा हसल्या. मग त्यांनी बरणीचे कापड सोडले. बाजरीची राब होती, पिठाची पातळ पेज, गूळ घातलेली, अजून वाफाळती. वाटी मागितली.

"पोटात काही द्यायचे नाही," मी म्हणालो.

"राब पेट में नहीं तो कहाँ जाएगी? जेब में?"

"सुंठ आहे त्यात?"

"सोंठ के बिना राब कैसी?"

"मग ते औषध झाले. तुमच्याच मुलीचा नियम आहे."

"वाह! आपकी सोंठ माथा जला दे तो ठीक, मेरी सोंठ पेट में जाए तो जुर्म!"

त्यांचे बरोबर होते. मी वाटी काढून दिली, पण चमचा दिला नाही. फोन उचलला.

विहीणबाईंच्या ध्यानात आले. त्यांनी वाटी खाली ठेवली. आवाजही खाली आला. "किसको कर रहे हो? उसको? मत करो. शाम तक कुछ नहीं दिखेगा. मैं भी नहीं कहूँगी."

"मुलगी सांगेल."

"तीन साल की है. कहेगी आजोबा ने फू किया, बस. भाईसाहब, मेरी बात सुनो. वो जगतपुरा का घर देख के बैठी है. उसे बहाना चाहिए. आप हाथ में दे रहे हो."

त्यांना माझी दया येत नव्हती. मुलगी जगतपुऱ्याला गेली असती, तर त्यांनाही दुरावली असती. आम्ही दोघे त्या दिवशी एकाच बाजूला होतो, आणि त्या मला शहाणपणाची गोष्ट सांगत होत्या. मी नंबर लावला.

सुनेने लगेच उचलला. मागे मुलांचा गलका होता. मी क्रमाने सांगितले. अकराच्या सुमारास कपाळाला सुंठ लावली. जास्त झाली. कातडी लाल झाली, मुलगी रडली. पाण्याने धुतले, आता साय लावली आहे. फोड नाही. ताप नाही. तुझी आई आली आहे.

मग ती कुठेतरी बाजूला गेली असावी; दार बंद झाले.

"बाबा, मी म्हटलं होतं ना काही नका देऊ."

"पोटात दिले नाही."

"बाबा!"

"हो. तुझा अर्थ तो नव्हता. मला कळायला हवे होते."

विहीणबाई पदराचे टोक बोटाला गुंडाळत होत्या.

"मी येतेय," सून म्हणाली. "दोनचं लेक्चर झालं की निघते."

"सावकाश ये. आणखी एक. तुझ्या आईने बाजरीची राब आणली आहे. त्यात सुंठ आहे. द्यायची का?"

यावर जो आवाज आला, तो हसण्याचा होता की रागाचा, हे मला आजही सांगता येणार नाही. "द्या," ती म्हणाली. "कोमट करून."

मी फोन ठेवला. विहीणबाईंनी दोन्ही हात वर केले. "हो गया काम. अब भर लो सामान."

मुलीने राब तीन चमचे खाल्ली. चौथा माझ्या स्वेटरवर आला.

एक वाजेपर्यंत धुके विरले आणि गच्चीवर ऊन आले. जयपुरात हिवाळ्यातल्या दुपारच्या उन्हाला दुसरे औषध नाही. शेजारच्या गच्च्यांवर संक्रांतीचे पतंग आतापासूनच चढले होते. मी वेताची खुर्ची भिंतीच्या आडोशाला लावली. विहीणबाई खाली भांडी आवरत होत्या. त्या रागात असल्या की दुसऱ्याच्या घरची भांडी घासतात. मुलगी माझ्या अंगावर चढली. आडवे केले की नाक बंद होते, म्हणून मी तिला उभीच छातीशी धरले, डोके खांद्यावर. तिने थोडा वेळ माझ्या कानाशी खेळ केला.

"आजोबा, पतंग किसकी है?"

"माहीत नाही."

"मेरी है," ती म्हणाली, आणि झोपली.

मूल धरणे मला येत होते. ते काम माझे जुने. तिच्या नाकातून शिट्टीसारखा बारीक आवाज येत होता. उन्हाने की राबेने की नुसते उभे धरल्याने, नाक हळूहळू मोकळे होत गेले. मग तिचे तोंड मिटले. मिटले ते मी पाहिले नाही, मानेवरचा उष्ण श्वास थांबला त्यावरून कळले. ती नाकाने श्वास घेत होती. माझा डावा हात बधिर झाला. मी तो हलवला नाही. ऊन सरकले तशी सावली पायांवर आली, गुडघ्यांवर आली. उठून खुर्ची सरकवली असती तर ती जागी झाली असती. मी शालीचे टोक तेवढे तिच्या तळव्यांवरून ओढून घेतले.

त्या वेळात मी प्रार्थना केली नाही. मला तशी सवय नाही. तिचे वजन किती आहे, एवढे मात्र लक्षात ठेवायचा प्रयत्न केला, म्हणजे नंतर आठवता येईल.

सून चारच्या आत आली. जिन्यावर तिची पावले वाजली तेव्हा मुलगी जागी होऊन माझ्या खिशातला चष्मा काढत होती. सुनेने हेल्मेट न काढताच तिला घेतले आणि कपाळ पाहिले. पट्टा होता, पण फिका; गुलाबी सावलीसारखा. तिने नाकपुड्या पाहिल्या, मान चाचपली, पाय चाचपले.

"मम्मा, आजोबांनी फू किया," मुलगी म्हणाली. "बहुत सारा."

"किया?"

"हां. थक गए."

आम्ही खाली आलो. विहीणबाईंनी चहा टाकला होता आणि ओट्याकडे तोंड करून उभ्या होत्या. मागे वळायची त्यांची तयारी नव्हती. सुनेने चहाचा एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"बाबा, तुम्ही सांगितलं नसतं तर मला कळलं पण नसतं."

"नसते कळले."

"मग का सांगितलंत?"

"दिवस कसा गेला, हे तू विचारणार होतीस," मी म्हणालो.

"इनसे झूठ नहीं होता, बेटा," विहीणबाई ओट्याकडे पाहत म्हणाल्या. "मैंने कोशिश कर ली. पत्थर हैं."

"मम्मी, तू गप," सून म्हणाली. पण ती हसली होती. मग तिने मुलीला खाली सोडले आणि नुसताच कप फिरवत बसली. "आज वर्गात माझं लक्ष नव्हतं," ती म्हणाली. "सकाळपासून वाटत होतं, काही झालं तरी बाबा फोन करणार नाहीत. चूपचाप बसतील. ते मला जास्त भारी होतं. मतलब, पडशापेक्षा."

मला हे ठाऊक नव्हते. ती माझ्या हाताची परीक्षा पाहत आहे, असे मी समजलो होतो.

"उद्याचा माझा तास साडेआठला आहे," ती पुढे म्हणाली. "सातला निघेन. तिला दूध मी देऊन जाईन. दुपारी ऊन असेल तर गच्चीवरच न्या, तिथं ती झोपते. लेप नाही. ना पोटात, ना बाहेर. मला विचारल्याशिवाय काहीही नाही."

"नाही," मी म्हणालो.

विहीणबाई अखेर वळल्या. "और जगतपुरा?"

"उन्हाळ्यानंतर बघू," सून म्हणाली.

विहीणबाईंनी माझ्याकडे पाहिले. मी चहा प्यायलो. उन्हाळा अजून लांब होता.

दिवेलागणीला सुनेने न्हाणीघरात गरम पाणी सोडले, दार लावले, आणि वाफेने आरसा धुरकट झाल्यावर मला आणि मुलीला आत स्टुलावर बसवले. तिने ते कुठेसे वाचले होते. उपाय चांगला आहे. मूल कोंडल्यासारखे होत नाही आणि भाजण्याची भीती नाही. मुलीने आरशावर बोटाने एक गोल काढला आणि तो मी आहे असे सांगितले. नंतर मी तिचे नाक मऊ फडक्याने टिपले. ती या वेळी मागे सरली नाही. तिने डोळे मिटून मान आपण होऊन वर केली.

आठला विहीणबाई रिकामी बरणी घेऊन गेल्या. जाताना म्हणाल्या, "कल मूँग की दाल लाऊँगी. उसमें सोंठ नहीं होती." मुलगी आईजवळ झोपली. मी माझ्या खोलीत आलो.

दुसऱ्या दिवशी तेच नाक पुन्हा टिपायचे होते. दिवे लागल्यावर नखे कापू नयेत, असे आमच्या घरात सांगत आले आहेत आणि मीही मुलाला तेच सांगितले आहे. मी टेबलाचा दिवा जवळ ओढला, कागद पसरला आणि दोन्ही हातांची नखे अगदी बुडापर्यंत कापली.